साडूंची गुळणी

"डावीकडं! डावीकडं कट मार म्हणलं ना बे! आरशात बघ की! गेली... गेली कॅनॉलात!"

आमचे साडू लॅपटॉपवर ओरडत होते. पडद्यावर पोलंडचा कुणी दाढीवाला गृहस्थ होता. त्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी बिचाऱ्याने दोन्ही हात वर केले होते.

साडूंना गप्प करील असा माणूस अख्ख्या माजलगाव तालुक्यात अजून जन्मलेला नाही. साखर कारखान्याच्या यार्डात उसाचे ट्रॅक्टर मागे घेणाऱ्यांना दिशा दाखवणं ही त्यांची नोकरी. पण ड्युटी संपली तरी तोंड चालूच. न्हाव्याला वस्तरा कसा धरावा ते सांगतात, दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं ठेवून सांगतात. मेव्हण्याच्या लग्नात आंतरपाट धरणाऱ्यांना "उजवीकडं घ्या, अजून, अजून, बस्स!" करत त्यांनी असा काही लावून दिला, की पाट सरला तेव्हा नवरदेवासमोर वधूऐवजी भटजी उभे!

कारखाना बंद असतो त्या महिन्यांत या माणसाने व्हिडिओ बघून बघून गेम बनवायला शिकून घेतलं. गेम एकच: दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कॅनॉलच्या कडेने मागे घेत यार्डात लावायचा. एका ट्रॉलीला स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं, दुसरी जोडली की उलट्याचं उलटं. मी खेळलो तेव्हा ऊस, ट्रॅक्टर आणि माझी अब्रू तिन्ही पाण्यात गेली.

मग त्यांना इंटरनेटवर एक ग्रुप सापडला. जगभरातले घरात बसून एकट्याने गेम बनवणारे लोक तिथे एकमेकांचे गेम खेळतात, खोट काढतात आणि एखाद्याचा चांगला निघाला तर पैसा लावणाऱ्या कंपनीशी गाठ घालून देतात. आपल्या गेमवर मत हवं असेल तर आधी तीन जणांना द्यायचं, असा तिथला रिवाज. साडूंनी पहिल्याच आठवड्यात तीनशे जणांना दिलं. ब्राझीलच्या एकाने भुताचा गेम केला होता. त्याला यांनी भाषांतराचं ॲप लावून कळवलं, "भूत लई झ्याक हाय, पण दाराकडं पाठ करून कावून उभं केलंय? आत आलेलं त्याला दिसंल कसं?" त्याने भूत फिरवलं, आणि म्हणे गेम दुप्पट भीतिदायक झाला!

पण गेम खेळून बघणाऱ्या त्या पोलंडवाल्यावर साडू ओरडले, तेव्हा ग्रुपच्या प्रमुखाने पत्र पाठवून तंबी दिली: दुसरा खेळत असताना बनवणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही. गेम विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तुम्ही जाणार आहात का? आणि त्याच पत्रात खाली होतं, की बंगळूरच्या एका कंपनीच्या मॅडम बुधवारी चार वाजता तुमचा गेम स्वतः खेळून बघणार आहेत. त्यांनी होकार दिला तर साडूंना वर्षभर पगार मिळणार आणि घरी बसून गेम पुरा करता येणार. नाही तर हंगाम सुरू झाला की पुन्हा यार्डात शिट्टी. मेव्हणीने आधीच बजावलं होतं, "यंदा न्हाई झालं तर ह्यो लॅपटॉप मी इकणार."

बुधवारी त्यांना गप्प ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी तांब्या पुढे केला. "साडूभाऊ, गुळणी भरा. मॅडम जाईस्तवर थुंकायची न्हाई, गिळायची न्हाई."

गाल फुगवून साडू बसले. पडद्यावर मॅडमनी ट्रॅक्टर सुरू केला आणि सरळ कॅनॉलात घातला. दुसऱ्यांदा कॅनॉल. पाचव्यांदा कॅनॉल. साडूंचा पाय फरशीवर ब्रेक दाबत होता, हात आपोआप वर जात होते, ते मी खाली दाबून धरत होतो. आठव्या वेळी त्यांच्या ओठांच्या कडेने पाण्याचा एक थेंब निघाला. मेव्हणी दारात पदर चावत उभी. अकराव्या वेळी मॅडम हिंदीत पुटपुटल्या, "मुझसे नहीं होगा," आणि त्यांनी हात काढून घेतला.

संपलं! साडूंनी माझ्याकडे पाहिलं. कसायाच्या दारातला बोकडही असं बघत नसेल. एक शब्द, फक्त एकच, त्यांच्या दातांमागे येऊन थांबला होता. मी माझा पंजा त्यांच्या तोंडावर दाबला.

मॅडमनी कीबोर्ड पुन्हा पुढे ओढला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ट्रॅक्टर मागे घ्यायच्या ऐवजी दोन हात पुढे घेतला, वाकड्या ट्रॉल्या सरळ करून घेतल्या आणि हळूहळू मागे सरकवत जागेवर नेऊन लावल्या. हीच गोष्ट साडू पंधरा वर्षं ड्रायव्हरांना शिव्या घालून शिकवत आले होते. "हो गया!" मॅडम खुर्चीतून उठून ओरडल्या. साडूंच्या घशातून ते पाणी गडगडत खाली उतरलेलं मी ऐकलं.

आठवड्याने होकार आला. मेव्हणीने गल्लीभर पेढे वाटले. पण दोन दिवसांनी तिचाच फोन, "दाजी, हे बोलंनात हो. पेढेवाल्यानं कमी तोललं तरी बोलले न्हाईत. अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवून आणू का?"

मी गेलो. साडू ओट्यावर बसले होते. समोर शेजारी आपला टेम्पो मागे घेत होता. खांबाला घासतो की काय असं मलाच वाटलं, पण साडू नुसते बघत राहिले. टेम्पो नीट लागला.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "जिंकलात की. मग तोंड असं कावून?"

"मी न सांगताच जमलं की तिला."