बेअरिंगआप्पांचं जिंबल

फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की आप्पा तिला बोटानं फिरकी द्यायचे आणि कान लावायचे. कुरकुंभच्या आमच्या केमिकल कंपनीत ते मेंटेनन्सचे फिटर होते, तेव्हा पंपाला आणि मोटारीला कान लावणं एक वेळ समजू शकतं. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात उभा असताना हा माणूस पेडस्टल फॅनच्या मागं डोळे मिटून उभा होता. "मॅडम, ह्याला मंगलाष्टकं झेपायची न्हाईत," ते मला म्हणाले. तिसऱ्या मंगलाष्टकाला फॅन बसला. आख्खी कंपनी त्यांना बेअरिंगआप्पा म्हणायची आणि ते हे नाव पदवीसारखं मिरवायचे.

मी त्याच कंपनीच्या लॅबमध्ये होते. नळ्या गरगर फिरवणारं आमचं सेंट्रिफ्यूज महिन्यातून एकदा तरी रुसायचं आणि मग आप्पांची स्वारी दारात हजर व्हायची. "जय भीम मॅडम! भिंगरी काय म्हणतीया?" ती काय म्हणतेय हे मला कधीच कळलं नाही, त्यांना मात्र पाना हातात घ्यायच्या आधीच कळलेलं असायचं. माणसांचीही ते अशीच परीक्षा करायचे. नवा मॅनेजर आला तेव्हा त्याच्याशी दोन मिनिटं बोलून येऊन त्यांनी निकाल दिला, "बेअरिंग नवं हाय, ग्रीस न्हाई." सहा महिन्यांत मॅनेजरसाहेब सगळ्यांशी भांडून निघून गेले. माझ्याबद्दलचा निकाल मी घाबरून कधी विचारलाच नाही.

निवृत्त झाले आणि आप्पांनी जे केलं त्यानं निमोणे गाव हादरलं. त्यांनी कॅमेरा घेतला आणि त्याला सहाशे मिलिमीटरची लांबलचक लेन्स घेतली. गावापासून चिंचणीचं धरण जवळ. लहानपणापासून तिथले पक्षी ते बघत आले होते, पण नोकरीत पाळ्या करताना बघायला सवड नव्हती. "आता जवळून बगतो," म्हणाले. त्यांची बायको, म्हणजे काकू, माझ्याजवळ करवादल्या, "लोकं म्हातारपणी तीर्थाला जात्यात, ह्यांनी तोफ आणली." सुट्टीच्या दिवशी मी दौंडहून स्कूटरवर जायचे आणि आम्ही दोघं तोफ घेऊन धरणाच्या कडेला बसायचो. मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. आप्पांना बघणं हीच माझी करमणूक होती.

त्यांचा जीव अडकला होता सुरयात. पाण्यावरून तरंगत येणारा, चोचीत मासा उचलून पुन्हा वर जाणारा तो चपळ पांढरा पक्षी. मासा उचलतानाचा फोटो हवा आणि त्यात पक्ष्याचा डोळा स्पष्ट दिसायला हवा, ही त्यांची अट. पण फोटो यायचे ते सगळे हललेले. शिरूरच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून त्यांनी जुना ट्रायपॉड आणला होता. त्याचं डोकं आवळलं तर लेन्स जागची हलेना आणि पक्षी निघून जाई. सैल सोडलं तर लेन्स नाक खाली करून मान टाकी. आप्पा कधी वाऱ्याला दोष देत, कधी लेन्सला. एकदा तर म्हणाले, "ह्यो पक्षीच धड उडत न्हाई."

खरी गोष्ट मला काकूंनी चुलीपाशी सांगितली. आप्पांच्या हाताला कंप सुटला होता. चहा आता अर्धाच कप द्यावा लागे. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्यांनी आवरेल, जायचा नाही. "मला कळत न्हाई असं त्यांना वाटतंय, म्हून मी बी बोलत न्हाई," काकू म्हणाल्या. "पर मॅडम, फोटू आला न्हाई तर हे धरणावर जायाचं सोडत्याल. आन् धरण सुटलं तर ह्यो माणूस खाटंला लागंल." एरवी त्या आप्पांची टर उडवल्याशिवाय एक वाक्य बोलत नसत. त्या दिवशी उडवली नाही, आणि मी हादरले.

मी फोनवर शोधाशोध केली तेव्हा जिंबल नावाची वस्तू सापडली. ट्रायपॉडवर बसवायचं हे एक डोकं. त्यात जड लेन्स झोळीसारखी टांगलेली राहते. तोल नीट साधला की एका बोटानं कुठंही फिरते आणि सोडली तिथंच थांबते. मी आप्पांना चित्र दाखवलं. ते मांडी थोपटत ओरडले, "मॅडम, ह्यो तर पाळणा हाय! ह्याला इकत कशाला आणायचा? आपुन करू!"

इथं आम्ही चुकलो. आप्पांनी दौंडच्या एका दोस्ताचं लेथ मशीन आठवडाभर अडवलं आणि पोलादी पट्टी नि पंपाची दोन बेअरिंगं घालून जिंबल तयार केलं. फिटरनं केलेली वस्तू ती. तिच्यावर लेन्स सोडा, काकूंना बसवलं असतं तरी ती वाकली नसती. धरणावर ती आम्ही दोघांनी धरून नेली, वाटेत दोनदा टेकत. ट्रायपॉडवर चढवल्याबरोबर त्याचे पाय वीतभर चिखलात गेले. पण तोल असा साधला होता की मी नुसती फुंकर घातली तरी लेन्स हलायची. आप्पांनी कान लावला. "आवाजच न्हाई," ते हरखून म्हणाले. तेवढ्यात सुरय आला आणि वाराही आला. आम्ही सुरयाकडं बघतोय आणि लेन्स आपली वाऱ्याबरोबर सावकाश वळून शिरूरच्या दिशेनं निघालीय. आप्पांनी तिला ओढून आणलं, ती पुन्हा निघाली. आम्ही दोघं हसून हसून चिखलात बसलो. "मॅडम, पक्ष्याचं ऱ्हाऊ द्या," डोळे पुसत ते म्हणाले, "ग्रामपंचायतीवर बसवू. वारा कुठनं हाय ते गावाला कळंल."

मग विकतचं घ्यायचं ठरलं. पण खरी लेन्स दुकानात न्यायला आप्पा तयार होईनात. लोड टेस्टला कुणी खरा माल लावतं का, हा कंपनीचा शिरस्ता. त्यांनी पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, त्यात वाळू भरली, कांद्याच्या काट्यावर लेन्सच्या वजनाबरोबर तोलून दोन्ही तोंडं बंद केली, खाली पट्टी ठोकली आणि नेम कळावा म्हणून पुढच्या टोकाला एक टूथपिक चिकटवली. हे बाड पिशवीत घालून आम्ही पुण्याच्या दुकानात शिरलो, तर वॉचमननं अडवलं. "ये क्या है?" "लेन्स." "ये लेन्स है?" "वजन लेन्सचं. आत वाळू हाय," आप्पांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानंतर मला दहा मिनिटं बोलावं लागलं.

दुकानदार हौशी निघाला. त्यानं दोन जिंबलं मांडली. पहिल्यावर पाइप चढवून आप्पांनी पट्टी पुढंमागं सरकवत तोल साधला आणि बोटानं ढकललं. पाइप तरंगल्यासारखा फिरला. आप्पांनी कान लावला, डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. "काका, एकदम लोणी! वर्षानुवर्षं हेच खपतंय," दुकानदार म्हणाला. आप्पांनी पाइपची शेपटी धरली आणि काचेबाहेरच्या एका रिक्षावर नेम धरला. टूथपिकचं टोक थरथरायला लागलं. बेअरिंग इतकं सुरेख की हाताचा प्रत्येक कंप त्यानं जसाच्या तसा पुढं पोचवला. दुकानदार खाली बघून बिलबुक चाळू लागला.

"ते दुसरं काय हाय?" आप्पांनी विचारलं.

"ते नका घेऊ, जड फिरतं. मुद्दाम घट्टसर केलंय, वर आणखी आवळायला नॉब आहे. लोक हात लावून परत ठेवतात."

आप्पांनी पाइप त्यावर चढवला आणि फिरकी दिली. अर्धा फेरा होऊन तो गपकन थांबला. एरवी असल्या बेअरिंगला त्यांनी भंगारात काढलं असतं. त्यांनी नॉब थोडा आवळला, परत थोडा, आणि दुसरी रिक्षा धरली. सिग्नलपासून थेट पानाच्या टपरीपर्यंत टूथपिक तिच्यामागं गेली, संथ, मधातून हात फिरावा तशी. टोक हललं नाही. आप्पा कान लावायला वाकले आणि मध्येच थांबून सरळ झाले.

"मॅडम, लेन्सात खोट न्हाई," ते म्हणाले. "हातात हाय. आता लपवून काय करू? आन् ह्ये माझ्यासाटीच केल्यालं हाय. बांधा."

जन्मभर हलक्या फिरण्याची पूजा केलेल्या माणसानं भर दुकानात जड फिरणारं डोकं निवडलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी दुकानदाराला उगाचच दोनदा थँक्यू म्हटलं.

पुढच्या रविवारी, ढगाळ सकाळी, सुरय आला. आप्पांनी लेन्स त्याच्यामागं नेली. तो खाली झेपावला, कॅमेरा कडकडला. आप्पांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. चोचीत मासा, आणि मोहरीच्या दाण्याएवढा काळा डोळा. "डोळा! मॅडम, डोळा!" असं ओरडत ते उठले आणि थेट पाण्यापर्यंत धावले. तिथं उभे राहून दोन्ही हात वर करून पाण्यातल्या मच्छीमारांना सांगू लागले, "तुमचा मासा फोटूत आलाय रं!" मासेमारी करणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी बुडतंय. त्यांनी होडी वळवली. मी हसता हसता लेन्स आप्पांकडं फिरवली आणि बटण दाबलं. त्याआधी कुठलंसं चाक चुकून फिरवलं होतं आणि त्यानं हलणारं सगळं पुसट येतं, ते मला नंतर कळलं.

त्यानंतर तीन हिवाळे आप्पा रोज धरणावर गेले. खाटेला लागले नाहीत. गेल्या वर्षी झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाला, त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमात, लावायला आप्पांचा एकटा फोटो घरात मिळेना, कारण कॅमेऱ्यामागं कायम तेच. मी माझा दिला. शिरूरला फ्लेक्सवाला म्हणाला, "मॅडम, माणूस लख्ख आलाय, पण हात सगळे हललेत. हात कापून नुसता चेहरा घेऊ का?"

काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या फोटोकडं बघून हसत होत्या आणि रडतही होत्या.

"हात ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्ये तसंच हुते."