डॉ. बसवंतअप्पांनी परत केलेली वही

शुक्रवार, १२ डिसेंबर. शाळा सुटल्यावर भाजी घेतली, गिरणीतून दळण आणलं, भाकरी केली. तेवढ्यात गौरवसमितीचा तिसरा फोन आला. "बाई, डॉक्टरसाहेबांच्या पंचाहत्तरीला तुमचा लेख पाहिजेच. चांगलं चांगलं लिहा."

चांगलंच लिहिणार आहे. पण डॉ. बसवंतअप्पांनी मला जेवढा वैताग दिला तेवढा कुणी दिलेला नाही, हेही लिहिणं भाग आहे.

माझे यजमान लोहाऱ्यात टेलर होते. मोटारसायकलवरून पडून त्यांच्या डोक्याला मार लागला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. घरी आले तेव्हा चालत होते, बोलत होते. पण घेतलेलं माप लिहीपर्यंत विसरत. आधी काय कापायचं हे उमगत नसे. कात्री धरून नुसते बसत. पुन्हा कापड कापता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून आम्ही उमरग्याला, मेंदूच्या दुखापतीवर उपचार करणाऱ्या डॉ. बसवंतअप्पांकडे गेलो. सोबत माझी नणंद होती.

डॉक्टरांनी विचारलं, "टेलर, सकाळी काय खाल्लं?"

नणंद म्हणाली, "त्याला काय इचारता साहेब? उप्पीट खाल्लंय. म्याच केलतं."

"ताई, तुम्ही टेलर आहात का?"

"न्हाय."

"मग गप्प बसा."

बाहेर माणसं खोळंबली होती. बऱ्याच वेळानं यजमान म्हणाले, "भाकर." नणंदेनं कपाळावर हात मारला. डॉक्टर म्हणाले, "चुकू द्या. उत्तर त्यांचं आहे."

उपचार असा होता: कपाळावर ओल्या स्पंजच्या पट्ट्या बांधून वीस मिनिटं अगदी सौम्य वीज सोडायची आणि त्याच वेळी डोक्याला काम द्यायचं. चित्रं लक्षात ठेवायची, आकडे उलटे म्हणायचे, शर्ट शिवायच्या पायऱ्या ओळीनं लावायच्या. गल्लीत लोक विचारत, "बाई, नवऱ्याला करंट लावता व्हय?" त्यांना उत्तरं देऊन मी थकले होते. डॉक्टरांना विचारावं, "बरे होतील ना?" तर ते म्हणत, "सांगता येत नाही. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. नुसत्या यंत्रानं तर नाहीच. अभ्यास करून घ्या." एसटीनं इतक्या लांब जायचं आणि दर खेपेला हेच ऐकून यायचं.

घरचा अभ्यास वहीत लिहून न्यावा लागे. मी प्राथमिक शिक्षिका. चुकलेलं उत्तर मला बघवत नाही. आधी मी खुणेनं सांगू लागले. मग चूक खोडरबरानं पुसून त्यांच्याच हातून बरोबर लिहून घेऊ लागले. वही स्वच्छ दिसू लागली. ती पाहून डॉक्टरांनी त्यांना दुकानात बसायची परवानगी दिली. पहिल्याच दिवशी यजमानांनी एका गिऱ्हाइकाचा शर्ट कापला. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. त्यांनी कात्री ठेवली ती उचलेचनात. म्हणाले, "लई झालं. आता मला न्हाय जमायचं."

मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी वही चाळली आणि माझ्या हातात परत दिली. "बाई, ही तुमची वही आहे. त्यांची घेऊन या."

पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. स्टँडवर येईपर्यंत मी रागानं यजमानांच्या दहा पावलं पुढेच चालत होते. चूक माझी होती, म्हणून राग जास्तच होता.

त्यानंतर डॉक्टर मला खोलीबाहेर बसवत. आतून फक्त त्यांचा आवाज यायचा, "टेलर, परत." काही महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या शर्टाचं नवं कापड यजमानांपुढे ठेवलं.

"बिघडलं तर, साहेब?"

"बिघडलं तर घरात घालीन. माप घ्या."

त्या एका शर्टाला अकरा दिवस लागले. एक खांदा थोडा उतरला होता. डॉक्टर तोच घालून दवाखान्यात बसू लागले. मला लाज वाटे. "खांदा तेवढा उसवून नीट करून देते," म्हटलं, तर म्हणाले, "हात लावायचा नाही."

पुढे चार वर्षं यजमानांनी दुकान चालवलं. काम हळू चाले, मापं पाटीवर लिहावी लागत. पण कापड त्यांनीच कापलं. दोन वर्षांपूर्वी ते हृदयविकारानं गेले. डॉक्टर भेटायला आले. वाटलं, धीराचे दोन शब्द बोलतील. त्यांनी विचारलं, "शेवटचं काय शिवलं?"

"परकर."

"नीट होता?"

"होता."

मान हलवून ते उठले. असं कुणी विचारतं का? पण त्या दिवसांत यजमानांच्या कामाबद्दल विचारणारे ते एकटेच होते.

डॉक्टरसाहेबांनी आता वेळेवर जेवावं आणि स्वतःचं ब्लडप्रेशरही कधी तपासून घ्यावं. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो. आमच्यासारख्या घाईच्या माणसांना त्यांनी आणखी पुष्कळ वर्षं दाराबाहेर बसवावं.

लेख पाकिटात घातला. रविवारी भाचीचा साखरपुडा आहे. नव्या साडीला फॉल लावायचा राहिला होता. आमच्या घरात ते काम यजमानांचं. दिव्याखाली बसून सुईत दोरा ओवला आणि पदराच्या विरुद्ध टोकाकडून टाके घालायला घेतले.