काजूच्या तेलातली फळी

गिरणी बंद पडल्यावर आमच्या ह्यांनी साकीनाक्याच्या एका शेडमध्ये फळ्या करायचा ध्यास घेतला. वखारीतला लाकडाचा भुसा फुकट मिळे, गावाहून काजूच्या टरफलांचं तेल येई. ते आटवून चिकट राळ करायची, भुशात कालवायची आणि गरम प्रेसमध्ये दाबायची. ह्यांच्या हातांची सालं निघायची. मी खोबरेल लावायचे आणि वर बोलायचे, "भुशाच्या भाकऱ्या थापून कुणाचं पोट भरलंय?"

फळ्या कधी तडकत, कधी भुरभुरत. प्रेस मित्राची होती, गणपतीनंतर तो ती विकणार होता. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक फळी जमली. गुळगुळीत, तपकिरी, ठोकली की खणखण वाजणारी. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घाटकोपरचा एक फर्निचरवाला ती बघायला येणार होता. फळी रात्रभर पाण्यात ठेवायची. फुगली नाही तर प्रेस तोच विकत घेणार आणि काम ह्यांच्याकडे देणार.

पहिलं फळ देवाला, ही आमची कोकणी खोड. ह्यांनी भांडुपच्या खोलीत त्या फळीवरच गणपती बसवला. तेवढ्यावर थांबले असते तर! गावाकडे होडीला चोपडतात तसा, चकाकी यावी म्हणून, कच्च्या तेलाचा एक हात मूर्ती ठेवण्याआधी वरून दिला, आणि तो नीट वाळलाच नाही.

दीड दिवसांनी उत्तरपूजा झाली. थोरल्या दिरांनी मूर्ती हलवायला हात लावला.

"हलणा नाय रे," ते म्हणाले. "गणपती चिकटलो."

ह्यांनी जोर लावला तशी शाडूची माती कट्कन वाजली. मूर्ती भंगायला नको म्हणून फळीसकटच विसर्जन करायचं ठरलं. मी म्हटलं, "अहो, दाखवायला फळीच्या कडेची चार बोटं तरी कापून ठेवा." दीर खेकसले, "देवाखाली करवत लावतंस?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला देवाचाच राग आला, खरं सांगते.

पवई तलावावर मूर्ती बुडवणाऱ्या माणसाला ह्यांनी हात जोडले. "मूर्ती सुटली तर फळी तेवढी वर आण रे बाबा." तो पुन्हा बुडी मारून रिकामाच आला. गाळात रुतली म्हणाला. दरवर्षी विसर्जनानंतर रिकामा पाट घरी यायचा, त्या वर्षी तोही आला नाही.

फर्निचरवाला आला. ह्यांनी सगळं खरं सांगितलं. तो हसला नाही, हेच उपकार. चहा पिऊन गेला. मग प्रेसही गेली, आणि हे एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागले.

पुढेही आम्ही विसर्जनाला पवईलाच जायचो. एकदा आरती झाल्यावर हे पाण्याकडे बघत उभे राहिले.

"फुगली नसेल गं," म्हणाले.

"नसेलच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?