दुसऱ्या कानातलं गाणं

कागलच्या एमआयडीसीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो चार वर्षं माझ्या शेजारी बसतोय. वय पन्नाशीचं, बोटांना ग्रीसचा वास. राजारामपुरीतून बस सुटली की हेडफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घालायचा आणि दुसरं न विचारता माझ्या हातात द्यायचा. ऐकायचा एकच अल्बम, कुठल्याशा तरुण गायिकेचा. एकदा मी मधलंच गाणं लावायला सांगितलं, तर म्हणाला, "तसं न्हाय चालत, पावणं. आधी प्रेम, मग भ्या, मग उभं ऱ्हाणं. वळीनं ऐकायचं."

एकदा कंपनीचं गेट दिसल्यावर हळूच म्हणाला, "इथं आलं की रोज छातीत धडधडतंय बघा. मशिनवर हात चालंल का न्हाय, असं वाटतंय. ही पोरगी गातीया म्हणून उतरतो."

दुसऱ्या दिवशी तो चढायच्या आत मी ते बसमध्ये हसत सांगितलं. तो आला तसं मागून कुणीतरी म्हणालं, "काय मामा, पोरगी आली न्हाय व्हय उतरवायला?" अख्खी बस हसली. तो मला एवढंच म्हणाला, "सरका की जरा." बसला, आणि दोन्ही टोकं स्वतःच्या कानात घातली.

गेट आलं की माझीही छाती धडधडते. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. हसलो तेही त्यामुळेच. आता तोच अल्बम मी माझ्या मोबाईलवर ऐकतो, ओळीनं. त्याच्या बाजूचा कान मात्र मोकळा ठेवतो.