लूर्दम्माळची पाल सुरा

पुट्टू उकडायला तांदळाचं पीठ ओलवून लूर्दम्माळ मुठीत दाबून पाहत होती आणि तिचा धाकटा भाऊ अरोकियम चुलीपाशी बसून कॉफी पीत होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. इतक्या सकाळी तिच्या दारी यायची ती बाळंतिणीच्या घरचीच माणसं. पिठातला हात न काढता ती म्हणाली, "पाकिटं फळीवर आहेत, आत या."

आत आली ती तिची पाकिटं दुकानांत पोचवणाऱ्या बचत गटाची सेक्रेटरी जेबमालै. तिच्या मागून तूत्तुक्कुडीच्या मत्स्य कॉलेजातली वळर्मती, चपला हातात घेऊन.

त्या तमिळ किनाऱ्यावर बाई बाळंत झाली की तिच्या ताटात पाल सुरा पडलीच पाहिजे. पाल सुरा म्हणजे दुधाची मुशी. खारवून, वाळवून, लसणात परतलेली. तिनं आईला दूध उतरतं, यावर कुणाचं दुमत नाही. आणि ती लूर्दम्माळच्या हातची हवी, यावरही नव्हतं. नवरा गेल्यावर तिनं कमावलं ते हे एवढंच: पाकिटावर ठसठशीत अक्षरात छापलेलं स्वतःचं नाव आणि कुठल्याही बाळंतघरात थेट आतपर्यंत जायची मुभा.

वळर्मतीनं सांगायचं ते बसायच्या आधीच सांगून टाकलं. कॉलेजनं दुकानांतून सुक्या माशांची पाकिटं तपासायला उचलली होती. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन त्याचा डीएनए तपासतात. मीठ लागो, ऊन लागो, माशाचं कूळ त्यात राहतंच. लूर्दम्माळच्या बहुतेक पाकिटांत पाल सुरा नव्हतीच. होता तो चपट्या डोक्याचा, धरायला बंदी असलेला दुसराच मासा.

लूर्दम्माळला हसू आलं. "पोरी, तू किती बाळंतपणं केलीस गं?"

मुलगी कानापर्यंत लाल झाली, पण शब्द मागे घेईना. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "अक्का, तुमच्याकडे मासा येतो, तेव्हा त्याला डोकं असतं का?"

नसायचं. कातडी सोललेले, मुंडकं उडवलेले तुकडेच टोपलीतून यायचे. होडीत बर्फाला जागा कमी, म्हणून समुद्रातच कापतो, असं अरोकियम म्हणायचा. सख्ख्या भावाच्या टोपलीत कोण हात घालून बघतं? लूर्दम्माळनं त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं पेला खाली ठेवला. "खारवल्यावर कोण ओळखतंय अक्का? दूध काय माशाची जात विचारून येतं?"

त्या बोलण्यानं तिला गेलं वर्ष आठवलं. त्याची बायको बाळंत झाली, तेव्हा अख्खी पाल सुरा, डोक्याशेपटीसकट, खांद्यावरून आणून त्यानं अंगणात टाकली होती. सहायराणीला यातलीच दे, दुसरी नको, असं दोनदा बजावलं होतं. भावाला माझ्या हाताची केवढी किंमत, म्हणून तिनं ते गल्लीभर मिरवलं होतं.

जेबमालै कोरडेपणानं पुढचं सांगत होती. दुकानांतला माल परत उचलायचा, पाकिटावरून नाव काढायचं. वनखात्याची माणसं येतील, मासा कुठून आला ते विचारतील. बंदरावर कुणाकडून तरी घेतला, आठवत नाही, असंही सांगता येईल, असं ती म्हणाली. म्हणताना अरोकियमकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

"घरातलं घरात राहू दे, अक्का," अरोकियम पुटपुटला.

"यानं आणला," लूर्दम्माळ म्हणाली. "अरोकियमनं. माझ्या आईच्या पोटच्यानं."

तो उठला, भिंतीवरचा शर्ट ओढला आणि निघून गेला. जेबमालै त्याच्यामागे दार लोटायला वळली, तर लूर्दम्माळनं पिठाच्या हातानंच तिचा पदर धरला.

"नाव काढा, माल जाळा, मी काही म्हणत नाही. पण आधी एक काम कर. देवळामागच्या फ्लोरीनाची सून माझाच मासा खातेय. तिला दूध नाही. परवा सासूनं मला विचारलं, तेव्हा मी त्या पोरीच्या तोंडावर सांगितलं, माझ्या माशात खोट नाही, हिच्यातच असेल. तेव्हापासून तिचं जेवण बाहेर पडवीत वाढतात. मला आता त्या दारात उभं राहवणार नाही. तू जा, आणि सासूला सांग, ती पाल सुरा नव्हती."