आवाजावरून निवडलेली रॅलीची गाडी

माझी फजिती मीच सांगते, म्हणजे निदान धड सांगितली जाईल. परंदवडीतले लोक माझी गाडी पवनेच्या धरणात गेली म्हणून सांगतात. धरणात गेली नव्हती. त्याव्यतिरिक्त जे काही तुमच्या कानावर आलं असेल, ते खरं आहे.

मी हमिदा. वय अडुसष्ट, आणि परंदवडीत स्वतःची पिठाची गिरणी. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं माझं मी शिकले. गिरणी खोलून जोडायला, इंग्रजी पाट्या वाचायला, टेम्पो चालवायला. टेम्पो शिकताना एक गोठा पडला, पण तो तसाही पडायलाच आला होता. आणि गिरणीचं दुखणं मला नुसत्या आवाजावरून कळतं. पट्टा सैल झाला, दगड घासायला लागला, की मी डोळे मिटूनही सांगते. याचा मला भारी अभिमान. होता.

तर एक दिवस दळणाच्या डब्यावर झाकण म्हणून कुणीतरी एक कागद आणला. लोणावळ्याहून बेडशाच्या लेण्यांपर्यंत हौशी लोकांची मोटार रॅली. अनुभव नको, फक्त स्वतःची गाडी हवी आणि रस्ता सांगायला शेजारी एक माणूस हवा. टेम्पो चालणार नव्हता.

माझा मुलगा इक्बाल तळेगावला कारखान्यात आहे. माझ्या हातातली चावी कशी काढून घ्यावी, याचा तो तीन वर्षं विचार करत होता.

"अम्मी, या वयात रॅली?"

"मग कोणत्या वयात? तुझ्या वयात मी तुला कडेवर घेऊन गहू दळत होते."

"बरं, असं करू. पहिल्या पाचात आलीस तर गाडी तुझी, मी कधी तोंड उघडणार नाही. नाही आलीस तर चावी माझ्याकडे. टेम्पोचीसुद्धा."

"पाचात कशाला? पहिली येते," मी म्हटलं. झालं. आता मागं फिरायला वाट राहिली नाही.

शेजारी बसायला आमचे हे. छत्तीस वर्षं देहूरोडला टाइमकीपर होते. बोलतात कमी, घड्याळ बघतात जास्त. त्यांना गाडी चालवता येत नाही, सायकलचंही तसंच आहे. रॅलीचा नियमांचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "अगं, यात असं लिहिलंय की लवकर पोचून..."

"कागद चालवायचाय का गाडी?" मी म्हटलं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. आमच्या संसाराची ही जुनी पद्धत आहे.

परवडेल अशी गाडी बघायला आम्ही देहूरोडला बाळूकडे गेलो. जुन्या गाड्या विकतो तो. एकेका गाडीचं बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू करायला लावलं, आणि मी डोळे मिटून कान लावला. पहिली खोकत होती. दुसरी दात खात होती. तिसरीला मी बंदच करायला सांगितलं, जीव जात होता तिचा. चौथी एक छोटी लाल गाडी. काय आवाज! ताक घुसळल्यासारखा, एका लयीत.

"ही मस्तय मावशी," बाळू म्हणाला. "लय लोकांनी चालवली, पण एकदाबी चाळीसच्या वर गेली न्हाई. इंजिन ताजं हाय."

"सभ्य माणसांची गाडी दिसते."

"आता सभ्य म्हंजी... तुमी ती टपावरची चौकट बघितली का? तितं बोर्ड..."

"रॅलीचे दिवे लावायला आहे, मला कळतं. गप, ऐकू दे."

"मावशी, आनखी एक. हिकडच्या शिटाफुडं खाली..."

"बाळू, एक शब्द बोललास तर गाडी इथंच सोडून जाईन."

बाळू खरोखर एकही शब्द बोलला नाही. घासाघीस केली तीसुद्धा त्यानं मान हलवून.

आता मला सांगा, गाडी घेताना माणूस काय काय बघतो? चाकं, दारं, आरसे, सगळं मी बघितलं. शेजारच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागी कोण वाकून बघतं? तिथं बाळूनं पायपुसणं टाकलं होतं.

रॅलीच्या सकाळी लोणावळ्यातून एकेक मिनिटानं गाड्या सोडत होते. आमचा नंबर आल्यावर मी अशी सुटले की झेंडा दाखवणाऱ्याची टोपी उडाली. दुधिवऱ्याच्या खिंडीपर्यंत झकास. खिंडीतून उतार लागला, मी ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडी मागून कुणी पदर धरल्यासारखी आखडली. सोडला की ठीक. दाबला की परत पदर.

"गाडीत काहीतरी आहे," मी म्हटलं.

"असेल," हे घड्याळ बघत म्हणाले.

मागून पोरांची एक गाडी शेजारी आली. "आज्जी, ब्रेकवरचा पाय काढा की, मागचे दिवे सारखे पेटतायत!"

"माझा पाय कुठं आहे ते मला माहितीय. तू तुझे डोळे रस्त्यावर ठेव," मी सांगितलं.

पवनेच्या काठाला मी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि कान लावला. तेच ताक, तीच लय. पट्टा हलवून बघितला, इंजिनाला दोन शिव्या दिल्या, एक थापही मारली. एकामागून एक गाड्या पुढं चालल्या होत्या. मला रडायला येत होतं, आणि हे आत बसून सांगतात, "अजून चार मिनिटं थांबलीस तरी चालेल."

असा नवरा कुणाला असतो का?

बेडशाच्या पायथ्याला पोचलो तेव्हा निम्म्या गाड्या येऊन त्यांची माणसं भजी खात बसली होती. इक्बाल वाट बघत उभा. त्यानं काही मागायच्या आत मीच चाव्या त्याच्या हातात आपटल्या, गाडीची आणि टेम्पोचीही. मग बाळूला फोन लावला आणि वीस माणसांसमोर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो बिचारा "मावशी, पन तो दुसरा..." एवढंच म्हणत होता. मी फोन ठेवला.

तेवढ्यात माईकवरून निकाल. पहिला नंबर, लाल गाडी.

या रॅलीत म्हणे लवकर पोचणाऱ्याला दंड असतो. ठरलेल्या मिनिटाला पोचायचं. वाटेतल्या सगळ्या तपासणी ठाण्यांवर मिनिटाला मिनिट जुळलेली आमची एकच गाडी.

मी काय केलं असेल? गप्प बसले असते तर ही गोष्ट झालीच नसती. मी इक्बालच्या हातातून चाव्या परत घेतल्या, माईक धरला आणि भाषण ठोकलं. वेग तर कुणालाही वाढवता येतो, तो आवरायला अक्कल लागते. गाडी कशी निवडावी हे मला विचारा. वेळेचं भान रक्तातच असावं लागतं. टाळ्या पडल्या. बाईचा गाडीबरोबर फोटो घ्या, असं कुणीतरी म्हणालं.

फोटोवाल्यानं डावीकडचं दार उघडलं. हे उतरायच्या बेतात होते, आणि त्यांचा उजवा पाय अजून एका पेडलवर होता. पायपुसणं घडी करून बाजूला ठेवलेलं.

"काका, हे काय?"

"ब्रेक," हे म्हणाले. खोटं बोलत नाहीत, हाच त्यांचा दोष. "शेजारी क्लच पण आहे. त्याला मी हात लावला नाही."

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती हो. बोर्ड, चौकट, सभ्य माणसं, सगळा उलगडा तिथं उभ्या उभ्या झाला. पंचांनी डोकी एकत्र आणली. वेग ज्यानं सांभाळला तो माणूस चालक धरायचा, असं ठरलं. मग त्या चालकाकडे लायसन्स मागितलं.

"मला गाडी येत नाही," हे म्हणाले.

नंबर रद्द. माईक अजून माझ्याच हातात होता.

इक्बाल हसून हसून खाली बसला. मी चाव्या पुढं केल्या, काय करणार, शब्द दिला होता. पण त्यानं घेतल्या नाहीत. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाला. "फक्त अब्बा शेजारी असतील तरच गाडी काढायची. आणि त्यांचा पाय ब्रेकवर."

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी सोमाटण्यापर्यंत जाऊन येतो. टपावर बोर्ड नाही एवढंच. चाळीस वर्षं टेम्पो हाकलेली मी, लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाताखाली गाडी शिकतेय. काल घरी आल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सुधारणा आहे."