सुनेच्या हातावरच्या सुया

माझी सून सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. मुलगा फौजेत, त्यामुळे घरी आम्ही दोघीच. तिची ड्युटी आठ तासांची सांगितलेली. पण पुढची सिस्टर आली नाही की हिनेच थांबायचं, आणि ती बहुतेक वेळा यायचीच नाही, कारण नेमलेलीच नसायची. आधी सून कंबर धरून घरी यायची. मग कंबरेचं बोलणं बंद झालं. मला वाटलं, दुखणं गेलं.

जावेच्या मुलीचं लग्न होतं. चुडा भरायला कासारीण आली, ओसरीवर सगळ्या बायका जमल्या. दवाखान्यात बांगड्या चालत नाहीत म्हणून सून मागे सरत होती.

"लग्नघरात काचंच्या चुड्याला न्हाई म्हनू नये," म्हणत कासारणीने तिचा हात ओढला. भर उन्हाळ्यात हिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत. कासारणीने बाही वर सारली आणि तिचा हात थांबला. कोपराच्या आत सुयांच्या खुणा होत्या. काही काळ्या पडलेल्या, काही ताज्या.

"एवढ्या सुया गं?"

जाऊ म्हणाली, "लेकरासाठी ट्रीटमेंट चाललीय वाटतं. आमाला सांगायचं न्हाई व्हय?"

"नवरा बॉर्डरवर अन् ट्रीटमेंट हितं. कसं जमायचं गं बाई?" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

आमच्यात मूल नसलेल्या सुनेला काहीही झालं तरी बायका एकच अर्थ काढतात. सून खाली बघत राहिली. तेच त्यांनी उत्तर धरलं.

मी तिला मागे गोठ्याकडे नेलं.

"कसल्या सुया?"

"आत्या, ट्रीटमेंटच हाय म्हना."

"मला सांग. त्यांचं मी बघते."

मग तिनं सांगितलं. पेशंटला दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं की उरलेलं टाकून द्यायचं असतं. ते ही स्वतःला टोचून घेत होती. कंबरेसाठी सुरू केलं, आता त्याशिवाय तिला वॉर्डात उभं राहता येत नव्हतं.

"मी एकटी न्हाई, आत्या. कोन झोपंच्या गोळ्या खातंय, कोन खोकल्याचं औषध पितंय. पर कळलं की काढून टाकत्यात. पुना कुटं उभं करत न्हाईत."

"नोकरी जाईल न्हाईतर तू जाशील. काय ठेवायचं?"

ती रडायला लागली. मी म्हणाले, "रडून घे. मग जेवाय चल, पंगत बसलीया."

आता ती मिरजेला व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरकडे दाखल आहे. सगळ्यांना सांगितलंय, मूल व्हावं म्हणून उपचार चाललेत. दवाखान्यानेही तेच ऐकून रजा दिली. खरं सांगितलं असतं तर हाकलली असती. जिने त्यांच्यासाठी दोन माणसांचं काम ओढलं, तिच्या आजाराला रजा नाही, न झालेल्या मुलाला आहे. मला खोटं बोलायचा राग येतो. पण आधी ती बरी होऊ दे.

जाऊ भेटली की विचारते, "काय गुन आला का?" मी म्हणते, "येतोय हळूहळू."

परवा दवाखान्यातून मोठ्या सिस्टरबाईंचा फोन आला. "मावशी, तिला लवकर पाठवा हो. इथं माणूस नाही."

मी म्हणाले, "आमच्याकडं बी एकच हाय." आणि फोन ठेवला.